द्राक्ष सल्ल्याचा मोफत व्हॉट्सॲप ग्रुप आहे, फी घेऊन वेगळा गट कसा उभा करावा? (तासगाव, जि. सांगली)

तासगाव_बाग

नमस्कार मंडळी.

तासगाव, कवठेमहांकाळ आणि मिरज पूर्व भागातल्या द्राक्ष बागायतदारांचा एक मोफत ग्रुप चालवतो. साडेसातशेच्या आसपास माणसं आहेत. कृषी पदवीधर आहे, सल्ल्याचं काम पूर्णवेळ करतो, प्लॉटवर व्हिजिटही असतात. रात्री पाऊस झाला की सकाळी ग्रुपवर मेसेजचा पूर येतो. त्यात शुभेच्छा असतात, औषधांच्या जाहिराती असतात, नाशिक भागातल्या कुठल्या तरी ग्रुपवरून आलेलं फवारणीचं वेळापत्रक असतं. ज्याच्या बागेत खरंच डावणी (पानांवर, घडांवर येणारा बुरशीचा रोग) आली आहे त्याचा प्रश्न मात्र खाली दबून जातो.

म्हणून मोजक्या लोकांचा सशुल्क गट करायचा विचार आहे. जाणकारांकडून या गोष्टी हव्यात:

महिन्याला २०० रुपये डोक्यात आहे, बरोबर आहे का? साडेसातशेतले किती जण येतील असं धरावं? व्हॉट्सॲपच ठेवावं की टेलिग्रामवर जावं? एका ॲप बनवणाऱ्यानं स्वतःच्या ॲपचे दीड लाख सांगितलेत, ते करावं का? पैसे कसे घ्यायचे, जीएसटी लागतो का? आणि एकानं फी भरून दहा जणांना फॉरवर्ड केलं तर काय करायचं?

ऑक्टोबर छाटणीच्या, म्हणजे फळ छाटणीच्या, आधी सुरू करायचं आहे.

---

मळ्यातला_माणूस

दादा, महिन्याची फी ठेवू नका. द्राक्षात काम महिन्यावर चालत नाही, छाटणीपासूनच्या दिवसावर चालतं. बागायतदाराला "आज कोणती तारीख" यापेक्षा "आज कितवा दिवस" हे आधी आठवतं. फीसुद्धा त्यालाच बांधा.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (काढणी झाल्यावर नवी काडी वाढवण्यासाठीची छाटणी) फुटींची विरळणी, सबकेन (शेंडा मारून बाजूची फूट वाढवणं), मग साधारण चाळिसाव्या दिवसापासून सूक्ष्म घडनिर्मिती (डोळ्यात पुढचा घड तयार होणं), इथवर प्रश्न असतात. जुलै-ऑगस्टला काडी पक्व होत असते, तेव्हा विचारायला फारसं काही नसतं. महिनावारी सभासद नेमका तिथं सुटतो. ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले ६० दिवस मात्र झोप नसते. पेस्ट (डोळे फुटण्यासाठी काडीला लावायचं औषध), पोंगा (नुकता फुटणारा कोंब), फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढणं, घड जिरतोय का (बारीक होऊन नाहीसा होतोय का), फुलोऱ्यातला पाऊस, जीएचं डिपिंग (जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात घड बुडवणं), सगळं एकामागून एक. मण्यात पाणी उतरलं (मणी मऊ पडून गोड होऊ लागले) की प्रश्न पुन्हा कमी होतात आणि महिनावारी सभासद परत गळतो. त्यात त्याची नाराजी नसते, काम संपलेलं असतं. म्हणून दोन हंगाम विका: खरड छाटणीचा एक, फळ छाटणीचा एक. सुरुवात फळ छाटणीपासून करताय ते योग्यच आहे, पैसे देण्याची निकड तिथंच जास्त आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गट गावावर किंवा तालुक्यावर पाडू नका, छाटणीच्या तारखेवर पाडा. सप्टेंबरची आगाप छाटणी हा एक गट, १ ते १५ ऑक्टोबर दुसरा, त्यानंतरची मागास छाटणी तिसरा. मणेराजुरीचा आणि पलूसचा प्लॉट एकाच दिवशी छाटलेला असेल तर दोघांचा विसावा दिवस एकच असतो आणि त्या दिवसाचे बहुतेक प्रश्नही एकच असतात. एका उत्तरात तीस जणांचं काम होतं. सावळजचा २५ सप्टेंबरचा आणि शेजारच्याचा २५ ऑक्टोबरचा प्लॉट एका गटात ठेवला तर एकाला फुलोऱ्याचं सांगताना दुसरा पोंग्यात असतो. तो नको ती फवारणी करून बसतो. फी घेतलेल्या गटात ही चूक फार महागात पडते.

तिसरं, तुमच्याकडून किती उत्तरं निघतील ते आधी मोजा आणि सभासदांचा आकडा त्यावरून ठरवा. पावसानंतरच्या दिवशी तिघांतला एक जण विचारतो असं धरा. १२० सभासद असतील तर ४० प्रश्न. फोटो बघून, मागच्या फवारण्या वाचून नीट उत्तर द्यायला ५ मिनिटं लागली तर ३ तास २० मिनिटं झाली. हे एका माणसाला जमतं. ४०० सभासद घेतले तर त्याच दिवशी ११ तास लागतील, आणि त्या दिवशी तुमच्या व्हिजिटही असणार. पहिल्या हंगामाला ३०, पुढच्या वर्षी फार तर १२०. त्यापुढे दुसरा कृषी पदवीधर सोबत घेतल्याशिवाय जाऊ नका.

प्रश्न विचारायचा नमुना पहिल्या दिवशीच द्या आणि नमुन्याबाहेरच्या प्रश्नाला उत्तर देऊ नका, सभासद कितीही जवळचा असला तरी. नमुन्यात हे हवं: वाण, छाटणीची तारीख, आज कितवा दिवस, गेल्या ८ दिवसांतल्या फवारण्या प्रमाणासकट, पाऊस किंवा दव किती. सोबत चार फोटो: पूर्ण वेल, शंका असलेल्या पानाची वरची बाजू, त्याच पानाची खालची बाजू, आणि घड.

फोटो सकाळी ९च्या आत काढायला सांगा. डावणीचा पिवळट तेलकट डाग वरून दुपारीही दिसतो, पण खालची पांढरी बुरशी ओलावा असतानाच नीट दिसते. दुपारच्या फोटोवर तुम्ही "थांबून बघू" म्हणाल आणि दोन दिवस हातचे जातील. शंका राहिलीच तर ते पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवायला सांगा. डावणी असेल तर सकाळी खालच्या बाजूला पांढरी वाढ येते. फोटो पाठवताना एचडी निवडायचा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून पाठवतं आणि भुरी (पावडरीसारखी बुरशी) आहे की औषधाचा डाग आहे हेच कळत नाही.

उत्तराची वेळही कामाच्या घडीवरून ठरवा. फवारणी सकाळी लवकर होते, म्हणजे औषध आदल्या संध्याकाळी घरात हवं. कृषी सेवा केंद्र बंद व्हायच्या आत उत्तर गेलं तरच उपयोग. दुपारी ४ पर्यंत आलेल्या प्रश्नांना संध्याकाळी ६च्या आत उत्तर, अशी लेखी हमी द्या आणि पाळा. रात्री ११ला दिलेलं उत्तमातलं उत्तम उत्तर पण एक दिवस उशिरा पोचलेलं असतं. लोक माहितीसाठी पैसे देत नाहीत, माहिती यूट्यूबवर ढिगानं आहे. स्वतःच्या प्लॉटचा निर्णय वेळेत मिळावा, त्याचे पैसे देतात.

---

हिशेबवही

वरच्यांशी सहमत. आकडे मांडतो.

मोफत गटातून फीच्या गटात शंभरातले ३ ते ५ येतील असं धरून चाला. ७५० मधून २२ ते ३७. तुमची रोजची ओळख असल्यामुळे जास्त आले तर आनंदच आहे, पण खर्चाची आखणी ३० धरूनच करा. फळ छाटणीच्या हंगामाची फी माणशी ३,००० धरली तर ३० जणांचे ९०,००० रुपये होतात. त्यावर दीड लाखाचं ॲप बसत नाही. ॲपचा खर्च एकदाच होत नाही हेही लक्षात घ्या. दरवर्षी सर्व्हर, फोनच्या नव्या आवृत्तीप्रमाणे दुरुस्ती, आणि पासवर्ड विसरलेल्या सभासदांचे फोन. दोन हंगाम पूर्ण झाल्याशिवाय ॲपचा विषयच काढू नका.

आता २०० रुपये महिना का नको ते बघा. महिनावारी गटात दर महिन्याला १०० मागे ८ जण गळतात असं समजू. वर्षाअखेर पहिल्या शंभरातले ३७ उरतात. गळती ५ असली तरी ५४च. ८ टक्के गळतीत एक सभासद सरासरी साडेबारा महिने टिकतो, म्हणजे त्याच्याकडून एकूण २,५०० रुपये येतात. एका फळ छाटणीच्या ३,००० पेक्षाही हे कमी, आणि वसुली दर महिन्याला करायची.

शिवाय अशा गटाला वरून छत लागतं. महिन्याला १० नवे येत असतील आणि ८ टक्के जात असतील तर १० भागिले ०.०८, म्हणजे १२५ वर गट थांबतो. तिथं जेवढे येतात तेवढेच जातात. मग लोक जाहिरात वाढवतात. खरं काम गळती कमी करण्याचं असतं. गळती ४ वर आली की तेच १० नवे सभासद गटाला २५० पर्यंत नेतात.

हंगामी गटात गळती महिन्यावर मोजूच नका. एकच आकडा वहीत ठेवा: मागच्या ऑक्टोबरला असलेल्यांपैकी या ऑक्टोबरला परत किती आले. १० मधले ७ आले तर पाया पक्का आहे. ५च्या खाली आले तर नवे सभासद घेणं थांबवा आणि न आलेल्या प्रत्येकाला फोन करून कारण लिहून घ्या.

फी माणशी ठेवली तरी प्लॉट मोजा. चार प्लॉट आणि चार छाटणी तारखा असलेला बागायतदार चौपट प्रश्न विचारतो, एक एकरवाल्याइतकीच फी त्याला लावली तर तुमचा वेळ त्याच्याकडेच जाईल. ३,००० मध्ये दोन प्लॉट, पुढच्या प्रत्येक प्लॉटला ७५० असं काहीतरी ठेवा. एका सभासदत्वात एकाच घरातले दोन नंबर मात्र जरूर घ्या. फोन पोरगा हाताळतो, निर्णय वडील घेतात. एकच नंबर घेतला की निरोप घरातच अडकतो आणि ठपका सल्ल्यावर येतो.

"माल गेल्यावर देतो" हे हमखास ऐकायला मिळेल. उधारीवर गट चालवू नका. व्यापाऱ्याचं पेमेंट लांबलं की तुमचं सगळ्यात शेवटी येणार, आणि बाकी असलेला माणूस प्रश्न विचारायलाही संकोचतो. तो गप्प होतो, बाग बिघडते, पुढच्या वर्षी तो येत नाही. निम्मी फी छाटणीला, निम्मी ४५व्या दिवसाच्या आत, एवढी सवलत पुरेशी आहे.

पहिल्या ३० जणांना दर कमी करू नका. त्याऐवजी पुढचे दोन हंगाम हाच दर राहील असं लिहून द्या. सुरुवातीला १,००० घेतले तर दुसऱ्या वर्षी ३,००० मागताना तोंड उघडत नाही.

---

मिरज_नेटवर्क

तांत्रिक आणि पैशांच्या बाजूचं सांगतो.

जागा. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा १,०२४ माणसांची, तुम्हाला तिची अडचण येणार नाही. अडचण नंबरांची येते. मोठ्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. औषध विकणारा एक जण आत आला की आठवडाभरात प्रत्येक सभासदाला फोन सुरू होतात आणि बोल तुम्हाला लागतो. यावर व्हॉट्सॲप कम्युनिटी बरी. तिच्या सूचना विभागात फक्त ॲडमिन लिहितो आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. तिच्याखाली छाटणी तारखेचे ३०-४० जणांचे छोटे ग्रुप करा, प्रश्न तिथं. छोट्या ग्रुपमध्ये नंबर दिसतील, ते सामील होतानाच सांगून संमती घ्या. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, संमतीचा मेसेज जपून ठेवा.

टेलिग्राम तांत्रिकदृष्ट्या सरस आहे: नंबर लपवता येतो, जुने मेसेज नव्या सभासदाला दिसू शकतात, विषयवार विभाग पाडता येतात, एकाच माणसाला चालेल अशी आमंत्रण लिंक काढता येते. पण पन्नाशीच्या बागायतदाराला नवं ॲप घालून रोज उघडायला लावणं हे वेगळंच काम होतं. माणसं जिथं आहेत तिथंच गट करा. जुन्या उत्तरांसाठी गुगल शीट ठेवा: दिवस, वाण, लक्षण, उत्तर, फोटोची लिंक. एका हंगामात तीच तुमची सगळ्यात मोलाची वस्तू होईल.

ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप जातो आणि एका यादीत २५६ जणच बसतात. व्हॉट्सॲप बिझनेस मात्र वापरा. त्यातल्या लेबलांनी "पूर्ण फी", "निम्मी बाकी", "प्रश्न उघडा" अशा खुणा करता येतात आणि नेहमीची ५० उत्तरं क्विक रिप्लायमध्ये साठवता येतात.

पैसे. ३० जणांसाठी पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) नको. बँकेचा यूपीआय क्यूआर पुरतो, त्यावर कट नाही. अडतं ते नाव जुळवताना. फी भरणारा मुलगा किंवा मेहुणा असतो, खात्यावर भलतंच नाव येतं. प्रत्येकाला सभासद क्रमांक द्या आणि पैसे पाठवताना टिपेत तोच लिहायला सांगा. पैसे आल्याची खात्री स्क्रीनशॉटवर कधीच करू नका. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप फिरताहेत. १२ अंकी व्यवहार क्रमांक मागा आणि स्वतःच्या बँक खात्यात ताडून मगच आत घ्या.

सभासद शंभरावर गेले की गेटवेची पेमेंट लिंक सोयीची, कारण पावती आपोआप निघते. साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा, म्हणजे ३,००० मागे ७० रुपये ८० पैसे. गेटवेवाले खातं उघडताना पॅन, बँक खातं आणि वेबसाइटवर अटी, परतावा धोरण, गोपनीयता धोरण व संपर्काची पानं मागतात. ही चार पानं आधीच लिहून ठेवा, खातं बहुतेक वेळा याच कारणानं रखडतं. उद्यम नोंदणी (लहान व्यवसायाची सरकारी नोंदणी) मोफत होते, तीही करून घ्या.

यूपीआय ऑटोपे (खात्यातून हप्ता आपोआप कापायची सोय) महिनावारीसाठी बनलेलं आहे. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सभासदाला सूचना जाते, तो ऑटोपे त्याच्या ॲपमधून केव्हाही बंद करू शकतो, आणि खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता फसतो. द्राक्षाचा पैसा काढणीनंतर येतो, नोव्हेंबरात खातं रिकामंच असतं. हप्ते फसायचे महिने आणि तुमची खरी गरज असायचे महिने एकच. हंगामी फीच्या बाजूचं हे आणखी एक कारण.

जीएसटी. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल. त्याशिवाय शेतकऱ्याला शास्त्रीय शेतीचं शिक्षण-प्रशिक्षण देणारी कृषी विस्तार सेवा करमुक्त सेवांच्या यादीत आहे. तुमचा गट त्यात बसतो हे सीएकडून लेखी घ्या. गटात एखाद्या कंपनीची जाहिरात पैसे घेऊन टाकलीत तर ती रक्कम करपात्र असते, हे विसरू नका.

---

कराड_आले

वाचतोय. आमच्याकडे कोरेगाव, कराड भागात आल्याचे शेतकरी आहेत. त्यांच्यासाठी असा गट केला तर हंगाम कसा पाडायचा? लागवड मे-जूनला होते, पण काढणीची तारीख कुणाचीच ठरलेली नसते. दर नसला की आलं जमिनीतच ठेवतात.

---

हिशेबवही

@कराड_आले, काढणीला बांधूच नका. लागवडीपासून ८ महिने, एवढी मुदत ठेवा. कंदकुजीचे आणि खताचे प्रश्न त्यातच येतात. पुढं आलं ठेवायचं की काढायचं हा बाजाराचा प्रश्न आहे, पिकाच्या सल्ल्याचा नाही. दराचा अंदाज सांगायचा नाही असं अटींत स्पष्ट लिहा. एकदा दर सांगितला आणि चुकला की आठ महिन्यांचा चांगला सल्ला लोक विसरतात.

---

तासगाव_बाग

सगळ्यांचे मनापासून आभार. महिनावारी आणि ॲप दोन्ही बाजूला ठेवले.

अजून दोन अडचणी आहेत. एक, मोफत ग्रुपचं काय करायचं? बंद केला तर लोक म्हणतील आता पैशाशिवाय बोलत नाही. चालू ठेवला तर फी कोण भरेल? दुसरं, एका औषध दुकानदारानं सुचवलंय की गटातल्या लोकांना माझ्याकडे पाठवा, फी तुम्ही घेऊच नका, मी कमिशन देतो. सभासदालाही फुकट पडेल. हा मार्ग कसा वाटतो?

---

मळ्यातला_माणूस

मोफत ग्रुप बंद करू नका, त्याचं रूप बदला. लिहायचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा. रोज एकच मेसेज: आजचं हवामान, कोणत्या अवस्थेतल्या बागेनं काय जपावं, एवढंच. सगळ्यांना लागू पडतं ते मोफत, एका प्लॉटला लागू पडतं ते फीमध्ये. ही रेघ तुम्हाला स्वतःला स्पष्ट असली की लोकांनाही लगेच कळते. जाहिराती आणि शुभेच्छा थांबल्यामुळे मोफत ग्रुपसुद्धा आताच्यापेक्षा उपयोगी होईल.

सुरुवात मोठ्या घोषणेनं करू नका. गेल्या हंगामात ज्यांनी सगळ्यात जास्त आणि नेमके प्रश्न विचारले अशा ४० जणांची यादी काढा, त्यांना एकेकट्याला फोन करा. विकायला जाऊ नका, आधी विचारा: "गेल्या हंगामात कोणत्या निर्णयाला अडलात?" उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. दहा-पंधरा फोन झाले की तुमच्या गटानं नेमकं काय द्यायचं ते त्या वहीतच असतं. मग याच लोकांना असा मेसेज:

"नमस्कार दादा. यंदाच्या फळ छाटणीसाठी ३० बागायतदारांचा वेगळा सल्लागट करतोय. छाटणीच्या आदल्या दिवसापासून काढणीपर्यंत. दुपारी ४ पर्यंत नमुन्यात विचारलेल्या प्रश्नाला संध्याकाळी ६च्या आत उत्तर. दोन प्लॉटपर्यंत फी ३,००० रुपये, निम्मी आत्ता, निम्मी ४५व्या दिवसाच्या आत. पहिल्या १५ दिवसांत पटलं नाही तर भरलेली रक्कम परत. कुठल्याही कंपनीचं किंवा दुकानाचं कमिशन घेत नाही. तुमची छाटणी कधी धरलीय?"

शेवटचा प्रश्न गाळू नका. "येणार का" ला लोक "बघू" म्हणतात. छाटणीची तारीख विचारली की तारीख सांगतात आणि तिथून बोलणं पुढं सरकतं.

पहिले १० जण पैसे भरेपर्यंत गट उघडू नका. तोंडी होकार धरू नका, खात्यात आलेली रक्कम धरा. छाटणीला तीन आठवडे असताना फोन, दोन आठवडे असताना मेसेज, आठवडाभर आधी गट चालू. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडून प्लॉटची नोंद भरून घ्या: वाण, खुंट (ज्यावर कलम केलंय ते मूळ झाड), वेलींचं अंतर, माती-पाणी परीक्षण झालंय का, काडीची घड तपासणी केली का. छाटणीआधी घड तपासणी करून घ्यायला लावणं हाच तुमचा पहिला उपयोगी सल्ला ठरेल. कोणत्या डोळ्यावर घड आहे हे कळल्याशिवाय छाटलं तर पुढचा सगळा सल्ला कमी घडांवरच चालवावा लागतो.

गप्प सभासदांकडे लक्ष ठेवा. २००६ मध्ये जेकब नील्सन यांनी ऑनलाइन गटांबद्दल मांडलेलं प्रमाण प्रसिद्ध आहे: १०० मधले ९० नुसते वाचतात, ९ अधूनमधून बोलतात, १ सतत बोलतो. फीच्या गटात बोलणारे जास्त असतात, तरी गप्प राहणारे राहतातच. दर सोमवारी एक पोल टाका: "या आठवड्यात प्लॉटवर डावणी दिसली का?" गप्प माणूससुद्धा बोट लावतो. वर कोणत्या गावाकडून रोग सरकतोय याचा अंदाज तुम्हाला फुकटात मिळतो. दोन पोल चुकले की त्याला फोन करा. तिसऱ्याची वाट बघू नका.

कमिशनचं उत्तर पलूसकरांनी द्यावं.

---

पलूस_एक्सपोर्ट

कमिशन घेऊ नका. सभासदाला फुकट पडत नाही, ते पैसे त्याच्याच औषधाच्या बिलात असतात. आणि तुमचा सगळ्यात मोलाचा सल्ला असतो "आज फवारणीची गरज नाही". कमिशन घेणाऱ्याला हे वाक्य बोलणं जड जातं, आणि बोललं तरी ऐकणाऱ्याला पटत नाही. औषध सुचवताना घटकाचं तांत्रिक नाव आणि तीव्रता लिहा, कंपनीचं नाव नको. कुठून घ्यायचं ते त्याचं तो बघेल.

सल्ला देताना राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस यादी हाताशी ठेवा. द्राक्षासाठी लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची सरकारी मान्यता) असलेलंच औषध, आणि प्रत्येक उत्तरात काढणीपूर्व किती दिवस थांबायचं तो आकडा. सभासदांत ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्ष बागांची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंदणी केलेले निर्यातदार असतील तर त्यांचा वेगळा ग्रुप करा. बेदाण्याच्या बागेला चालून गेलेलं उत्तर निर्यातीच्या बागेत औषधाच्या अवशेष मर्यादेत (मालात किती औषध उरलेलं चालतं त्या मर्यादेत) अडकू शकतं, आणि तिथं एका उत्तरानं पूर्ण कंटेनरचा प्रश्न उभा राहतो.

प्रमाण लिहायची एकच पद्धत ठरवा. "२ ग्रॅम" असं नुसतं कधीच लिहू नका. "प्रति लिटर २ ग्रॅम, २०० लिटरच्या टाकीला ४०० ग्रॅम" असं दोन्ही लिहा. प्रति लिटर आणि प्रति एकर यांची गल्लत ही अशा गटांतली सगळ्यात महागडी चूक आहे, जीएच्या बाबतीत तर फारच. व्हॉइस मेसेजमध्ये प्रमाण सांगू नका. "पंधरा" आणि "पन्नास" ट्रॅक्टरच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. व्हॉइसमध्ये कारण सांगा, आकडा लेखी द्या.

नियम मोजकेच ठेवा, पण पाळा. सभासदांनी एकमेकांना काय दिसलं, काय केलं, काय परिणाम आला हे जरूर सांगावं. दुसऱ्याच्या प्लॉटला औषध आणि प्रमाण मात्र फक्त सल्लागारच सांगेल. हा नियम मोडणाऱ्याला पहिल्यांदा खासगीत समज, दुसऱ्यांदा उरलेली फी परत देऊन बाहेर. पैसे परत देताना हात आखडला की असा माणूस बाहेर राहून गटाचं जास्त नुकसान करतो.

फॉरवर्ड पूर्ण थांबत नाही, त्यात जीव घालवू नका. वेळापत्रकाची पीडीएफ बनवून दिलीत तर ती तासाभरात पंचक्रोशीत फिरेल, म्हणून ती बनवूच नका. प्रत्येक उत्तराच्या पहिल्या ओळीत सभासद क्रमांक, वाण आणि दिवस लिहा: "क्र. १७, सुपर सोनाका, दिवस २२". असं उत्तर दुसऱ्याच्या तिसाव्या दिवसाच्या बागेला लागूच पडत नाही. ते फिरलं तरी वाचणाऱ्याला कळतं की आपल्या प्लॉटचं उत्तर हवं असेल तर आपलाही क्रमांक हवा. पहिल्या ओळीतला हा तपशील तुम्हालाही उपयोगी आहे, मिरजकरांनी सांगितलेली शीट त्यावरूनच भरता येते.

नूतनीकरण काढणी संपल्या संपल्या करा, मार्च-एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या आधी. हातात पैसा असतो आणि हंगाम डोक्यात ताजा असतो. त्या वेळी प्रत्येकाला त्याच्या प्लॉटची दोन पानी नोंद द्या: कोणत्या दिवशी काय अडचण आली, काय सांगितलं, काय केलं, माल किती निघाला. शेवटचा आकडा त्याच्याकडूनच भरून घ्या. ऑगस्टमध्ये नूतनीकरण मागितलं तर तेवढ्यात खतांची आणि मजुरांच्या उचलीची बिलं समोर असतात आणि तुमचा नंबर खाली जातो.